ठशात करिअर नसतं, ताई

“प्रत्येक मूल एकमेव. जगात दोघांचे ठसे सारखे नसतात. दहा बोटांचे ठसे द्या आणि मुलाची जन्मजात बुद्धी, योग्य करिअर जाणून घ्या!” डीएमआयटी नावाच्या चाचणीचा हा मेसेज कुडाळ-सावंतवाडीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी न वाचता उडवत होतो. काल तो ताईने पाठवला, वर “आपल्या पोरीचं करून घेऊया?” भाची पाचवीत आहे. आता गप्प बसवत नाही.

ठसे वेगळे असतात, कबूल. एकसारख्या जुळ्यांचेही वेगळे असतात. पण जनुकं तीच असून ठसे वेगळे, म्हणजे हा फरक आला कुठून? गर्भात बोटांवर रेघा उमटताना वाढीत जो बारीकसारीक फरक पडतो, त्यातून. दोन जांभ्या चिऱ्यांची भोकंही कधी सारखी नसतात. म्हणून चिरा बघून घरात डॉक्टर जन्मेल की वकील, हे कोण सांगतं?

मेसेज पुढे म्हणतो, त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून बनतात. हेही खरंच. केसही त्याच थरातून येतात. मग न्हाव्यालाच विचारू की करिअर!

डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याने: “ठसे कधीच बदलत नाहीत, म्हणून निकाल १०० टक्के अचूक.” वेंगुर्ल्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितलेत? टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांची टोकं काळी पडतात, रेघा झिजून गुळगुळीत होतात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवायचा, लागला नाही की पदराला पुसून परत ठेवायचा, मग दुसरं बोट, आणि मागे रांग कुरकुरतेय. यांचा रिपोर्ट काय येणार, बुद्धी आढळली नाही? त्यांच्यातलीच एखादी अख्ख्या बचत गटाचा हिशेब तोंडपाठ सांगते.

डीएमआयटीच्या नावातला ‘मल्टिपल इंटेलिजन्स’, म्हणजे ‘बहुविध बुद्धिमत्ता’, हा शब्द अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरचा, १९८३ चा. त्याच्या सिद्धांतात बोटांचे ठसे कुठेच नाहीत, नाव तेवढं उचललंय.

आणि मी कोण सांगणारा, असं वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञांचं ऐका. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही त्यांची देशभरातली संघटना. तिने २०१९ मध्येच जाहीर केलं की डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही. ताईला ते पाठवलं. तिचं उत्तर आलं, “अरे, पण फी निम्मी केलीय त्यांनी.”