गाठ आणि गुठळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

फायब्रॉइडमुळे (गर्भाशयात वाढणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठीमुळे) ज्या बाईला पाळीत खूप रक्त जातं, तिच्या पायात रक्त गोठूही शकतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही रोखठोक लिहिलंत: "अंगावरून एवढं जातं म्हणता, म्हणजे रक्त पातळ. मग त्याच बाईच्या पायात ते गोठेल कसं? उगाच बायकांना घाबरवू नका."

आधी माझी चूक. लेखात मी फायब्रॉइडलाही 'गाठ' म्हटलं आणि पायात गोठलेल्या रक्तालाही 'गाठ'च. गोंधळ होणारच. आता फायब्रॉइड ती गाठ आणि रक्ताची ती गुठळी.

पण जास्त जातं म्हणजे रक्त पातळ, हे काही खरं नाही. फायब्रॉइडवाल्या बहुतेकींचं रक्त व्यवस्थित गोठतं. दुखणं गर्भाशयाचं असतं. माझ्या वहिनीचं गर्भाशय चार महिन्यांच्या पोटाएवढं झालं होतं. एवढा ऐवज ओटीपोटात बसला की पायांकडून वर येणाऱ्या शिरा दबतात, रक्त तुंबतं आणि तुंबलेलं रक्त गोठू शकतं. डाव्या पायाची मुख्य शीर आधीच उजव्या पायाच्या रोहिणीखालून (धमनीखालून) जाते, म्हणून बऱ्याचदा डावाच पाय सापडतो. वहिनी ब्लाउज शिवते. पाय जड वाटला तेव्हा तिने गळ्यातली टेप काढून पोटऱ्या मोजल्या. डावी दीड इंचाने जास्त! आम्ही घरच्यांनी (मीही त्यात आलेच) "मशीनवर बसून सूज आली असेल" म्हणून बाम चोळायला दिला. डॉपलरमध्ये (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) मांडीपर्यंत गुठळी निघाली.

त्यात रक्तस्राव आवरायला तिला नॉरएथिस्टेरॉन चालू होतं. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे सर्रास घेतात, तीच गोळी. मोठ्या डोसात तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. लोह फार उतरलं की प्लेटलेटही (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) वाढू शकतात, ते आणखी वेगळंच.

घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर फायब्रॉइड असलेल्या बहुतेक बायकांना हे कधीच होत नाही, आणि हे वाक्य लेखात वर हवं होतं. पण एकच पाय अचानक सुजला तर त्याच दिवशी दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.

वहिनीची पंचाईत पुढेच झाली. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं आणि पाळी आली. रक्तस्राव कमी करणारं नेहमीचं औषध, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, गुठळीमुळे बंद, गाठीचं ऑपरेशन तीन महिने पुढे ढकललेलं. हिमोग्लोबिन सहावर आलं. एका हाताला रक्ताची पिशवी लावलेली आणि पोटावर रक्त पातळ करणाऱ्या हिपॅरिनचं इंजेक्शन, एकाच खाटेवर, एकाच दुपारी.