इंजिन बोलतं, होल्डर मुका

खानदेशात अंगणात जुनं इंजिनवालं वेल्डिंग मशीन (डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वेल्डिंगची वीज देतो) उतरवलं की पहिला माणूस विचारतो, "भाऊ, हाई काय शे?" दुसरा उत्तराची वाट न बघता सांगतो, "भंगारमा दी टाक." तिसरा काहीच बोलत नाही, थेट हँडल मारायला बाह्या सरसावतो. मला भीती या तिसऱ्याची वाटते.

वर्षानुवर्षं उभ्या डिझेल इंजिनमधल्या पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या अस्तराला, चिकटलेल्या असतात. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिळून चहाचा अर्धा कप ओतायचं आणि दोन-तीन दिवस नुसतं बसायचं. हे नुसतं बसणंच कुणाला जमत नाही. मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, हाताने, थोडं पुढं, थोडं मागं. सुटलं की इंजेक्टर बसवण्याआधी आतलं तेल फिरवून बाहेर काढा. तेल काही हवेसारखं दाबलं जात नाही. आत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला! इंजिनने उलटा झटका दिला तर मूठ सुटली पाहिजे, अंगठा नाही.

पुढचं दुखणं 'एअर घेतली'. टाकी धुतली, फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरणारच. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाची कळ हाताने मारत राहा. फेस थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळा, मग इंजेक्टरच्या नटांशी तेच, फक्त तिथं कळ नाही, इंजिन फिरवायचं. इंजिन धडधडतं, धूर निघतो, गल्लीत पेढे वाटले जातात.

आणि वेल्डिंगचा रॉड धरणाऱ्या होल्डरला ठिणगी नाही.

म्हणून माझं म्हणणं, पैसे मोजण्याआधी जनरेटरला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावा. इंजिनचे पार्ट मिळतात, मिस्त्री मिळतात. जळालेलं आर्मेचर (जनरेटरचा फिरणारा, तांब्याच्या तारा गुंडाळलेला भाग) भरायला गेलात की तांब्याचा भाव ऐकून मशीन फुकट घेतलं असतं तरी महाग पडलं असं वाटतं. कार्बन (फिरत्या भागावर टेकून वीज घेणारे ब्रश) उचलून ५०० व्होल्टचा मेगर वाइंडिंग आणि बॉडीमध्ये लावायचा. १ मेगाओहमच्या वर असेल तर पुढे जा. खाली असेल तर बहुधा ओल आणि धूळ, शिवाय उंदराचं घरटं. (उंदीर निघून गेलेला असतो, त्याचा संसार असतो.) भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात मशीन आपोआप सुकतं, हा आपल्याकडचा लाडका समज. बाहेरचा पत्रा पोळतो, खाचेतली ओल तिथेच राहते. कमी दाबाची कोरडी हवा मारून घरटं काढा, मग आत ६० वॅटचे दोन बल्ब लावून वर ताडपत्री टाका. वाफ जायला एक कोपरा उघडा ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा मेगर.

कम्युटेटर, म्हणजे कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळा-कुळकुळीत असतो. तो घासायला सुताराचा काचपेपर, काळा एमरी नाही. एमरीचे कण वीज वाहू देतात आणि खाचेत अडकून पट्ट्या शॉर्ट करतात. तांबं झिजून पट्ट्यांमधलं अभ्रक वर आलं असेल तर कार्बन त्यावर उड्या मारतो आणि ठिणग्यांची दिवाळी होते. घासून धारदार केलेलं हॅक्सॉचं पान घेऊन प्रत्येक खाचेतलं अभ्रक साधारण ०.८ मिमी खाली उतरवायचं. हे काम मोजणीत लहान आणि मानेला मोठं. नवीन कार्बन बसवताना काचपेपरची खरखरीत बाजू कार्बनकडे ठेवून कम्युटेटरवर गुंडाळा आणि गोलाई घ्या. नाहीतर कार्बन टोकावरच टेकतो.

एवढं करूनही व्होल्टेज शून्य? मग फील्ड, म्हणजे जनरेटरमधलं चुंबक बनवणारं वाइंडिंग आणि त्याचं लोखंड, आपलं चुंबकत्व विसरलंय. फार दिवस उभ्या डीसी जनरेटरचं असं होतं. इंजिन बंद ठेवून, एक्सायटरचे (फील्डला वीज पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरचे) कार्बन उचलून १२ व्होल्टची बॅटरी फील्डला काही सेकंद लावायची, प्लसला प्लस. उलटी लावलीत तर व्होल्टेज येईल, पण उलटं. मग डीसीचा रॉड भलत्याच टोकाला तापतो आणि वेल्डर आपल्याच हाताला शिव्या घालत बसतो.

आता इंजिन १५०० आरपीएमवर बांधा, ३.१५ मिमीचा रॉड, १०० अँपिअर. मशीनच्या प्लेटवर ६० टक्के ड्युटी लिहिलेली असेल तर तिच्याशेजारी लिहिलेल्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं इंजिन चालूच ठेवून मशीनला पंख्याचा वारा. वखराची तुटलेली पास घेऊन रांगेत उभा असलेला, कालचा 'भंगारमा दी टाक'वाला, ती चार मिनिटं घड्याळाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघत मोजतो.