सबमेन्यू दिसत नाही म्हणून साइट सपाट करू नका

‘आतल्या पानांवर सबमेन्यू गायब होतो? पाच मिनिटांत दुरुस्त करा’ या मथळ्याचा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात चार सल्ले आहेत. कुठलंही पान तीन क्लिकच्या आत हवं, म्हणून सगळी पानं वरच्या पातळीवर आणा. मेन्यूत सातपेक्षा जास्त नोंदी ठेवू नका. सबमेन्यू दुसऱ्या कशाच्या मागे जात असेल तर झेड-इंडेक्स (कुठला भाग कुणाच्या वर दिसावा हे ठरवणारा आकडा) ९९९९९ करा. आणि एवढं करून जमलं नाही तर कॅश (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) साफ करा.

माझी मावसबहीण तिच्या संस्थेची वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची साइट सांभाळते. तिने पहिला सल्ला जसाच्या तसा अमलात आणला आणि मग मला फोन केला. चूक तिची नाही. इतक्या ठामपणे कोणी सांगितलं, तर माणूस विश्वास ठेवणारच.

तिने प्रत्येक पानाचं ‘पॅरेंट’, म्हणजे ते ज्याच्या खाली येतं ते पान, काढून टाकलं. वर्डप्रेसमध्ये पानाचा पत्ता त्याच्या पॅरेंटवरून बनतो. त्यामुळे आतल्या सगळ्या पानांचे पत्ते एका फटक्यात बदलले. दोन वेगळ्या विभागांत ‘अर्ज’ नावाचं एकेक पान होतं. पॅरेंट वेगळे असले की एकच स्लग (पत्त्यातला पानाच्या नावाचा तुकडा) दोघांना चालतो. दोन्ही वर आल्यावर एकाच्या पत्त्याला २ चा आकडा चिकटला. लोकांना आधी पाठवलेल्या लिंका मेल्या. पोस्टचा, म्हणजे ब्लॉगसारख्या लेखाचा, स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून नव्याकडे वळवतो, पेजच्या, म्हणजे अशा स्थिर पानाच्या, बाबतीत तसं करत नाही. फार तर अंदाज बांधतो, आणि सारख्या नावाची दोन पानं असली की अंदाजाने चुकीच्या पानावरही नेऊन सोडतो. अर्ज भरायला आलेल्या माणसाने काय करायचं?

आणि हे सगळं कशासाठी, तर तीन क्लिकच्या नियमासाठी! तो नियम २००३ सालीच तपासून झालाय. जोशुआ पोर्टर यांनी यूजर इंटरफेस इंजिनिअरिंग या संशोधन संस्थेसाठी ४४ जणांनी केलेल्या ६२० कामांतले आठ हजारांहून जास्त क्लिक पाहिले. क्लिक किती लागले याचा काम फत्ते होण्याशी किंवा माणूस समाधानी असण्याशी संबंध सापडला नाही. तीन क्लिकनंतर लोक पळून जातात हेही खरं निघालं नाही. पुढची लिंक योग्य दिशेने नेतेय एवढं कळलं की माणूस पुढे जातो. ती दिशा दाखवायचं काम सबमेन्यूचंच आहे, आणि पानं सपाट केली की तोच उरत नाही.

मूळ बिघाड भलतीकडेच असतो. बऱ्याच थीममध्ये (साइटच्या तयार साच्यांमध्ये) साइडबारचा, म्हणजे बाजूच्या पट्टीतल्या सबमेन्यूचा, कोड ‘या पानाची मुलं (खालची पानं) दाखव’ एवढंच सांगतो. पहिल्या पातळीवर यादी छान येते. शेवटच्या पातळीवरच्या पानाला मुलंच नसतात, म्हणून यादी रिकामी. मग कोणीतरी पोस्ट-पॅरेंट (पानाच्या थेट वरच्या पानाची नोंद) वापरून ठिगळ लावतं. त्याने फक्त भावंडं दिसतात, वरचा विभाग दिसत नाही. खरा उपाय म्हणजे गेट-पोस्ट-अ‍ॅन्सेस्टर्स हे फंक्शन. ते जवळच्या पॅरेंटपासून वर चढत पूर्वजांची यादी देतं. तिच्यातला शेवटचा आयडी (पानाचा क्रमांक) घ्यायचा. यादी रिकामी आली तर पान स्वतःच मूळ. तो आयडी पानांची यादी छापणाऱ्या डब्ल्यूपी-लिस्ट-पेजेस या फंक्शनच्या ‘चाइल्ड-ऑफ’ला द्यायचा. कुठल्याही खोलीवर पूर्ण शाखा दिसते.

तरीही एखादी फांदी गायब असेल तर मधलं एखादं पान ड्राफ्टमध्ये राहिलंय का बघा. ते प्रसिद्ध नसेल तर त्याच्या खालची प्रसिद्ध पानंही या यादीत येत नाहीत. आणि मेन्यू हाताने बनवलेला असेल, तर ‘नवी पानं आपोआप जोडा’ ही खूण फक्त वरच्या पातळीच्या पानांना लागू होते. आतली पानं स्वतःच घालावी लागतात.

सात नोंदींचं म्हणाल, तर ते जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखावरून उचललंय. तो लेख माणसाच्या अल्पकालीन स्मृतीबद्दल बोलतो. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, पाठ करायचा नसतो. विषय संपला.

झेड-इंडेक्स कधीकधी लागतो, हे मान्य. पण सबमेन्यू ज्याच्या आत आहे अशा एखाद्या डब्याला ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी (अर्धपारदर्शकपणा) दिलेली असेल, तर त्याचा स्वतंत्र थर बनतो. आतला आकडा मग कितीही फुगवा, तो त्या थराबाहेर पोचत नाही. आणि डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर येणारा भाग लपवणारी सेटिंग) असेल तर सबमेन्यू कुणाच्या मागे गेलेला नसतोच, तो कापला गेलेला असतो. आकडा वाढवण्याआधी ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाचा कोड दाखवणाऱ्या साधनात) बाहेरचा एकेक डबा तपासा.

राहिली कॅश. मेन्यू बदलूनही जुनाच दिसत असेल तर ती साफ करा, एवढं खरं आहे. पण पान बदललं तरी ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण आधीच्याच पानावर अडकून राहत असेल, तर साइडबारचा एकच तुकडा सगळ्या पानांसाठी साठवला जातोय. कॅश साफ केल्यावर तो काही वेळ बरा दिसेल आणि पहिलं पान उघडलं की पुन्हा तसाच साठेल. तो तुकडा ज्या नावाने साठवला जातो, त्या नावात पानाचा आयडी घाला.