दूध प्यायलं, खाडी गोड झाली, मोजलं कुणी?

सणासुदीला मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हमखास फिरणारा मजकूर असा: ‘गणपती दूध प्यायला, माहीमची खाडी गोड झाली, क्रूसातून पाणी पाझरलं, नवस बोललेले किल्लारीच्या भूकंपातून वाचले. लाखो लोक खोटं बोलतील का? विज्ञानाला उत्तर नाही, म्हणजे चमत्कार खरा.’ सगळ्या धर्मांना एका पंगतीत बसवलंय, एवढं मात्र चांगलं.

‘लाखोंनी पाहिलं.’ पाहिलंच. २१ सप्टेंबर १९९५ ला दिसलं ते एवढंच, की चमच्यातलं दूध कमी झालं. मूर्ती प्यायली, हा त्यावरून काढलेला अर्थ. घरी दगडाची किंवा धातूची मूर्ती परातीत ठेवा (शाडूची नको, ती खरंच शोषते). चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या वर किंचित फुगतं. तो फुगवटा सोंडेला टेकला की पृष्ठताणाने दूध मूर्तीला धरतं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर हा थर डोळ्याला दिसत नाही, म्हणून दुधात खायचा लाल रंग घाला. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी तेव्हा हेच केलं होतं. आता चमचा निम्माच भरा आणि न कलवता टेकवा. दूध जागचं हलणार नाही. ५ मिलीचे १०० चमचे म्हणजे अर्धा लिटर. ते परातीत आणि पुसायच्या फडक्यात सापडायला हवं. घोळ होतो तो फडक्यापाशी: मूर्ती मधूनमधून पुसली जाते आणि फडकं कुणी पिळून बघत नाही.

‘खाडी गोड झाली’, ऑगस्ट २००६. आपल्याकडे गोडं पाणी म्हणजे नुसतं खारट नसलेलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते जड. भर पावसाळ्यात मिठी नदीचं हलकं पाणी त्याच्यावर पसरतं आणि ओंजळीत तेच येतं. तपासायचं तर बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा आणि बाटली तळाशी गेल्यावरच बूच ओढा. वरच्या आणि तळाच्या, दोन्ही पाण्यांना टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावा. चव घेऊ नका, मिठीत काय काय वाहतं ते मुंबईकरांना विचारा.

मुंबईतल्या इर्ल्याच्या चर्चबाहेरचा क्रूस, २०१२: जवळची सांडपाण्याची वाट तुंबली होती, ओल केशाकर्षणाने वर चढली. आपल्या भिंतींना पावसाळ्यात चढते तशीच.

‘विज्ञानाला उत्तर नाही.’ फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री बरे झाल्याचे दावे हजारोंनी आले, चर्चने मान्य केले ७० च्या आसपास. तिथले डॉक्टरही ‘आजच्या वैद्यकाला उलगडत नाही’ एवढंच म्हणतात; चमत्कार जाहीर करतो तो बिशप.

‘नवस बोललेले वाचले.’ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली. इथे रकाने चार हवेत: नवस बोलून वाचलेले, बोलून गेलेले, न बोलता वाचलेले, न बोलता गेलेले. मजकुरात पहिलाच आहे, कारण दुसऱ्यातलं कुणी सांगायला उरलं नाही.

मजकुरात नसला तरी राहिला पैठणचा वेद बोललेला रेडा. तिथे मोजायला काही उरलेलंच नाही. ती कथा श्रद्धेने वाचावी, पुरावा म्हणून पुढे करू नये. खुल्दाबादला बुऱ्हानुद्दीन साहेबांच्या दर्ग्यात पैगंबरांचे केस आहेत आणि त्यांची संख्या दरवर्षी वाढते, अशी श्रद्धा आहे. ही मात्र मोजता येते: त्याच साक्षीदारांसमोर, लागोपाठ दोन वर्षं, मधल्या काळात पेटी मोहोरबंद.