मग पैसे कशाचे दिले?

गाडीला सिरॅमिक कोटिंग (म्हणजे रंगावर चढवायचा पारदर्शक, कडक थर) केलंय हे कोणाला सांगू नये. पगार सांगा, वजन सांगा, पण हे नको. कारण एकदा कळलं की येणारा जाणारा बोनेटवरून बोट फिरवणार, धुळीने माखलेलं ते बोट आपल्या नाकासमोर धरणार आणि विचारणार, "मग पैसे कशाचे दिले?" (जिथे बोट फिरवलं तिथे एक बारीक रेघ उठली हे त्याला कोण सांगणार.)

आता नाशकात गाडीवर धूळ नाही बसणार तर काय बसणार? २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चाललीय, पाथर्डी फाट्यावरून द्वारका चौकापर्यंत नुसतं जाऊन आलं तरी काळी गाडी राखाडी होते. कोटिंग केल्याने धूळ बसायची थांबत नाही हो, फक्त ती घट्ट धरून बसत नाही, पाण्याने पटकन सुटते. एवढंच. पण "पटकन सुटते" यासाठी आपण पैसे दिले हे बोट फिरवणाऱ्याला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर हळू आवाजात बोललं की आपल्यालाही जरा कमीच वाटतं.

यात सगळा दोष त्या नाइन एचचा. कोटिंगवाला पोरगा बोनेटवर पाणी ओतून दाखवतो, थेंब टुणटुण पळतात, बघणारा तिथेच अर्धा गार, मग तो हळूच म्हणतो, "नाइन एच आहे सर, स्क्रॅचचं टेन्शनच नाही." आता हे नाइन एच म्हणजे पेन्सिल. शप्पथ. ड्रॉइंगच्या पेपरला आपण टूएच, फोरएच पेन्सिली घ्यायचो ना, तीच मोजपट्टी. म्हणजे इतक्या कडक पेन्सिलीने ओढलं तरी रेघ उठली नाही, बास. पण आमच्या पार्किंगमध्ये पेन्सिल घेऊन कोणी गाडीमागे लागत नाही, पोरं सायकली घेऊन लागतात, आणि सायकलच्या हँडलला कुठला एच विचारता. शिवाय थर असून असून किती, १-२ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे एक केस (माझ्याकडे मोजकेच उरलेत, त्यामुळे जपून) उभा चिरून त्याचे पन्नासेक पापुद्रे काढले तर त्यातला एक. त्या पापुद्र्याकडून लोकांना चिलखताची अपेक्षा.

आणि चिलखताची खरी परीक्षा रोज पहाटे होते. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक दादा येतात. देवमाणूस, कधी खाडा नाही. पण बादली एक, फडकं एक आणि गाड्या अख्ख्या सोसायटीच्या. माझी गाडी शेवटच्या विंगला, तोपर्यंत सगळ्या ए विंगची माती त्या बादलीत उतरलेली असते आणि तीच फडक्यातून माझ्या बोनेटवर गोल गोल फिरते. उन्हात गाडीवर ज्या बारीक गोल रेघा चमकतात ना, त्या या गोल गोलच्या. म्हणून एकदा सांगितलं,

"दादा, माझी गाडी पुसू नका."

"का हो साहेब, काही चुकलं का?"

"नाही हो. पैसे महिन्याचे घेत जा, फक्त पुसू नका."

त्यांचा चेहरा एकदम काळजीत. फुकटचे पैसे घेणाऱ्यातला माणूसच नाही तो. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी नेहमीपेक्षा जोर लावून पुसली आणि बायकोला जाताना विचारलं, "वहिनी, साहेबांचं कंपनीत काही टेन्शन चाललंय का?"

मग रविवारी मी स्वतः उतरतो. आधी नुसत्या पाण्याचा फवारा मारून माती काढायची, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, सावलीत धुवायचं, आणि पाणी वाळायच्या आत जाड मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून चहा पीत सगळं बघत असतात. "बारसं आहे का?" असं विचारतात. त्यांची गाडी वर्षानुवर्षं कपड्याच्या पावडरीने धुतली जाते आणि त्या माणसाला रात्री शांत झोप लागते. हेवा वाटतो कधी कधी.

पाण्याचा वेगळाच ताप. आमच्या आईने कुठेतरी वाचलं की आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरावं, तेव्हापासून ती बादल्या भरभरून ठेवते. आता तिला कसं सांगू की आरओ पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढतं ते सगळे त्याच बादलीत जातात? फरशी पुसायला ठीक आहे. गाडीवर तो थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं, क्षार तिथेच, पांढरं वर्तुळ. सोसायटीच्या बोअरचं पाणीही तसलंच. आणि कोटिंगमुळे थेंब गोल, टपोरा उभा राहतो त्यामुळे डागही कसा अगदी सुबक.

या विषयात मला समजून घेणारा एकच माणूस भेटला, आमचे सासरे. नाना निफाडचे, द्राक्षबागायतदार. गाडीवर पाणी टाकून दाखवलं, थेंब पळाले. नाना बराच वेळ बघत राहिले.

"जावईबापू, आम्ही औषधात स्प्रेडर टाकतो. विकत आणून. थेंब पानावर गोल राहू नये, पसरावा म्हणून. आणि तुम्ही पैसे मोजून तो गोल करून घेतला?"

मी गप्प. मग त्यांची नजर त्या पांढऱ्या वर्तुळांवर गेली.

"हे तर क्षार. आमच्या ड्रिपच्या नळ्या यानेच चोकअप होतात. ॲसिड सोडलं की मोकळ्या."

म्हटलं, नाना, मी पण तेच करतो, पांढरं व्हिनेगर पाणी घालून पातळ करायचं, गार पत्र्यावर थोडा वेळ लावायचं, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. आणि डाग फार दिवस राहिला, पार आत खाल्लं, की मग पॉलिश, आणि पॉलिशबरोबर तिथलं कोटिंगही जातं. मधूनच पाणी पळायचं थांबतं तेव्हा लोकांना वाटतं कोटिंग संपलं, बऱ्याचदा नुसता मळ चढलेला असतो, नीट धुतला की थेंब परत पळतात.

"म्हणजे बागेइतकंच काम आहे म्हणा," नाना म्हणाले आणि आत जेवायला गेले. पैशांचं काही विचारलं नाही. शेतकरी माणूस, खर्च करूनही हातात काय येईल याची खात्री नसते हे त्यांना नव्याने सांगायला लागत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल जास्त लिहीत नाही, पार्किंगवर उंबर आहे, एवढ्यात समजून घ्या. डिकीत स्प्रेची बाटली आणि फडकं कायम असतं, दिसलं की ओलं करून उचलायचं, उन्हात वाळलं तर कोटिंग असो नसो, डाग पडतो.

पण खरा प्रसंग दसऱ्याचा. आई ताट घेऊन खाली आली, कुंकू पाण्यात कालवलं आणि बोनेटवर अंगठ्याने स्वस्तिक काढायला लागली. पहिली रेघ ओढली, ती आकसली आणि तिचे थेंब झाले. दुसरी ओढली, तिचेही थेंब. एक थेंब घरंगळत खाली गेला. आई माझ्याकडे बघायला लागली.

"कुंकू टिकत नाहीये रे गाडीला."

"आई, ते कोटिंग आहे, पाणी धरत नाही."

"पाणी नाही रे, कुंकू आहे ते!"

काका वरून बघतच होते. शेवटी गंध घट्ट कालवून नंबर प्लेटवर टेकवलं, झेंडूच्या माळेची तार पत्र्याला लागू नये म्हणून मी खाली हात धरून उभा, आणि नारळ गाडीपासून चांगला लांब फोडला. आईचं समाधान झालं नाही ते नाहीच.

त्यानंतर मुंबईला जाताना कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि बोनेटचा टवका गेला. कोटिंगवाल्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, "सर, दगडाला कोटिंग नाही चालत, त्याला पीपीएफ पाहिजे, जाड फिल्म असते, दीडशे-दोनशे मायक्रॉन." खोटं नव्हता बोलत, खड्यासमोर टिकायचं तर जाडीच लागते. मग त्याने कागदावर आकडा लिहून दिला. तो कागद मी घरी आणून बायकोसमोर ठेवला. तिने वाचला, घडी घातली, परत माझ्या हातात दिला.

"त्याच्यावर कुंकू टिकतं का विचारलंस?"