थॅचरबाईंकडून घ्यायचं ते घराचं, खाणीचं नाही

काका, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशातल्या उजव्या सरकारांकडून आपल्या पक्षांनी शिकावं असं मी लिहिलं, पण पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंच्या काळात ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणी बंद पडल्या, सरकारी घरं विकली गेली, गरीब उघड्यावर आला. एम्प्रेस मिल बंद पडलेली पाहिलेल्या नागपूरकराने तरी त्यांचे गोडवे गाऊ नयेत. आणि हंगेरीचं कुटुंबधोरण इथे कशाला, हेही तुम्ही विचारलंत.

एम्प्रेसचं दुखणं खरं आहे, पण तुम्ही केलेलं त्याचं निदान मला पटत नाही. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. २००२ मध्ये कुलूप लागलं ते सरकारच्या ताब्यात असताना. तेव्हा खासगीकरणाने ती बुडाली, हे कसं म्हणायचं?

खाणींबाबत मात्र मी बाईंची बाजू घेणार नाही. १९८४-८५ चा वर्षभराचा संप मोडून काढला, मग एकेक खाण बंद होत गेली, आणि साउथ वेल्स, यॉर्कशरच्या ज्या गावांत दुसरं कामच नव्हतं, तिथल्या माणसांना बाजाराच्या भरवशावर सोडून दिलं. उमरेड-सावनेरकडच्या खाणीही कधीतरी संपणारच आहेत. तिथल्या पोरांसाठी दुसरं काय उभं करायचं, हे वेकोलिने (त्या चालवणाऱ्या सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीने) आणि आपल्या आमदारांनी आजच ठरवायला हवं.

हंगेरीचं थोडक्यात सांगतो. तिथल्या उजव्या ऑर्बान सरकारने चार किंवा अधिक मुलांच्या आईला आयकर माफ केला, जोडप्यांना स्वस्त कर्जं दिली. जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०१० च्या सुमाराच्या सव्वावरून २०२१ पर्यंत १.६ च्या आसपास गेला आणि पुन्हा घसरला. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालकांनी नागपुरातच तीन अपत्यांचा आग्रह धरला, आणि महाराष्ट्राचा दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला होता हेही खरं. तरी इतका पैसा ओतून हंगेरीत जे टिकलं नाही, ते इथे भाषणांनी होईल असं मला वाटत नाही. हे धोरण मी घेणार नाही.

घरांवर मात्र मी ठाम आहे. १९८० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये तीन वर्षं राहिलेल्या सरकारी भाडेकरूला घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. किमतीत ३३ टक्के सूट, जुन्या भाडेकरूला ५० टक्क्यांपर्यंत. थॅचरबाईंच्याच काळात दहा लाखांवर घरं गेली. आधी कडाडून विरोध करणाऱ्या मजूर पक्षानेही पुढे तो हक्क मान्य केला, कारण त्याचेच मतदार मालक झाले होते.

आता आपल्याकडे बघा. नागपूर शहरात चारशेच्या वर झोपडपट्ट्या. जमीन कुठे नझूलची म्हणजे सरकारची, कुठे मनपाची, कुठे नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची). पट्टेवाटपाचे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचा कागद मिळवायचे अर्ज भरायला मी रामबागेकडच्या एका वस्तीत मदत केली होती. एका मावशींनी पॉलिथिनच्या पिशवीतून घरटॅक्सच्या पावत्या, जुनी वीजबिलं, सासऱ्यांच्या नावाचं रेशनकार्ड, सगळं वर्षवार लावून समोर ठेवलं. दोन पिढ्या त्या जागेवर राहतात, मनपाला कर भरतात, पण त्या कागदांवर बँक एक रुपया देत नाही. पुढे गल्लीत ज्यांच्या हाती पट्टा पडला, त्यांच्या टिनाच्या जागी दोन-तीन वर्षांत स्लॅब आला. सरकारने तिथे एक वीट लावली नव्हती. आपल्या नावाची जागा झाली की माणूस तिच्यात कमाई घालतो. थॅचरबाईंचा सगळा भर यावरच होता आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. उजवा पक्ष गरिबाच्या मालकीसाठी झटणार नसेल, तर तो फक्त आहे त्यांचीच राखण करतोय.

तुमच्या आक्षेपातला सर्वांत वजनदार भाग इथेच येतो. विक्रीचा बराचसा पैसा तिथल्या नगरपालिकांना नव्या घरांवर खर्चू दिला नाही, त्यामुळे विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी उभी राहिली नाहीत. पुढे त्यातली कितीतरी घरं खासगी घरमालकांच्या हातात गेली, आणि ज्यांना ती वाढत्या भाड्याने घ्यावी लागली त्यांच्या भाड्याचा भार पुन्हा सरकारनेच उचलला. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क बंद केला. त्यांनी हक्क बंद केला. आपण हक्क ठेवून पैशाची वाट बदलावी, असं माझं म्हणणं आहे.

म्हणून माझी मागणी अशी. पट्टा देताना नवरा-बायको दोघांचं नाव लावा आणि आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) हातात येईपर्यंत काम पूर्ण झालं असं म्हणू नका. सिव्हिल लाइन्स, धंतोलीकडच्या नझूल प्लॉटधारकांनी लीज फ्रीहोल्ड करताना, म्हणजे भाडेपट्टा पूर्ण मालकीत बदलताना, भरलेली रक्कम तिजोरीत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवा, आणि त्यातून हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीलगत भाड्याच्या खोल्या बांधा. त्या विकायच्या नाहीत. भंडारा-गोंदियाहून, छिंदवाड्याहून कामाला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी मालकी नको असते, महिन्याच्या भाड्यात रात्री पाठ टेकायला जागा हवी असते. मनपाच्या निवडणुकीत तुमच्या प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, या खात्याबद्दल विचारा. मी माझ्या प्रभागात विचारणार आहे.