गच्चीवर सोलार कशामुळे चढतं? वीजबिलातला स्लॅब बघा

'पर्यावरणाची जाण वाढली म्हणून लोक सोलार बसवतात' हे भाषणात छान वाटतं. प्रत्यक्षात घर हलतं ते बिलामुळे. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटपर्यंत एक भाव, आणि 101 पासून 300 पर्यंत जवळपास दुप्पट. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला की महिन्याला 200 युनिट सहज वाढतात, आणि ते सगळे महागड्या स्लॅबात जातात. सोलारची चौकशी उन्हाळ्याचं बिल हातात पडल्यावरच का सुरू होते, ते यातून कळतं.

मग अनुदानाचं काय? केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमलाही जास्तीत जास्त 78,000 रुपये. रक्कम मोठीच आहे, पण माझ्या मते बसवायचं ठरवून झालेल्या माणसाचा 'पुढच्या वर्षी बघू' तेवढा त्यामुळे सुटतो. ज्याचं बिलच 100 युनिटच्या आत आहे, त्याला 2024 ची ही योजना फारशी खुणावत नव्हती. राज्य सरकारला अशा घरांसाठी वेगळं जादा अनुदान काढावं लागलं ते उगीच नाही.

आता हिशेब. आपल्याकडे 1 किलोवॉट वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास देतो. जागा साधारण 100 चौरस फूट, तीही सावली नसलेली. महिना 220 युनिट वापरणाऱ्या घराचे पहिल्या किलोवॉटने वाचतात ते सगळे महागडे युनिट. दुसरा किलोवॉट वाचवतो ते उरलेले स्वस्त 100. वेंडर सरसकट 3 किलोवॉट गळ्यात मारतो तेव्हा हे सांगत नाही. एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर मोठी सिस्टिम घ्या, नाहीतर बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून सरासरी काढा.

ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजतो तो नेट मीटर. त्यातले शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षापुरतेच. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. 31 मार्चला उरलेली मात्र अगदी कमी दराने निकाली निघते. विकून पैसे कमवायचे म्हणून मोठी सिस्टिम लावणाऱ्यांचा इथेच हिरमोड होतो.

दुसरा हिरमोड लोडशेडिंगचा. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेली सिस्टिम लाइट गेली की स्वतःच बंद होते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा शॉक बसू नये म्हणून सोलारचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) तसाच बनवलेला असतो. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. केवळ लाइट जाते म्हणून सोलार घेणार असाल तर आधी साधा इन्व्हर्टर-बॅटरी बघा.

कागदांत घोळ होतो तो नावाचा. मीटर आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं, असं असेल तर अनुदान अडकतं. आधी मीटरचं नाव बदलून घ्या. पॅनेल भारतीय सेलचं, म्हणजे डीसीआरच हवं. स्वस्तात दुसरं लावलं तर अनुदान विसरा. शिवाय ही रक्कम सिस्टिम चालू झाल्यावर खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण पैशांची किंवा कर्जाची सोय लागते.

बसवताना स्ट्रक्चर गरम झिंकमध्ये बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलं मागा, कोकणात तर हट्टानेच. अर्थिंग तीन वेगवेगळी: डीसीचं म्हणजे पॅनेलच्या बाजूचं, एसीचं म्हणजे इन्व्हर्टरमधून घराकडे येणाऱ्या विजेचं, आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकाचं. पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात लांब पडते, म्हणून मे महिन्यात जागा बघून ठरवू नका. एका पॅनेलवरची सावली त्या रांगेतल्या बाकीच्यांनाही खाली ओढू शकते. बोअरच्या जड पाण्याने धुतलं की काचेवर पांढरा थर बसतो. नळाचं पाणी घ्या आणि धुवा सकाळी.

फ्लॅटवाल्यांची अडचण गच्ची सामायिक असण्याची. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एकाच मीटरवर असले की ते बिल बहुतेक वेळा वरच्या स्लॅबात असतं, आणि सोसायटीच्या सामायिक वापरालाही किलोवॉटमागे 18,000 अनुदान आहे. एकेका फ्लॅटची भांडणं बाजूला ठेवून सभेत ठराव आधी त्या मीटरचा मांडा.